थंडीतला गाडीचा मुक्काम

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'कॅम्पर' म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीकडे पुढे दोन ओळी सीटा आणि मागे छोटा हौदा असलेली पिकअप डोळ्यांपुढे येते. ठेकेदाराच्या दारात, द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये ती उभी असते. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर साताऱ्याचा एक तरुण इंजिनिअर माझ्या शेडवर आला आणि त्याने मोबाईलवर मला वेगळाच कॅम्पर दाखवला. चहूकडे बर्फ, आणि त्यात उभी असलेली पिकअप. तिच्या हौद्यात एक अख्खी खोली बसवलेली. खोलीचा पुढचा भाग केबिनच्या टपावर आलेला, आणि तिथेच झोपायची जागा.

हा मुलगा काही वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोला नोकरीला होता. तिकडे हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या खेळाला, म्हणजे स्कीइंगला, लोक अशा गाड्या घेऊन जातात. डोंगरावरच्या हॉटेलचं भाडं परवडत नाही, म्हणून गाडीतच मुक्काम करतात. मोसम संपला की चार जॅक लावून खोली खाली उतरवायची आणि गाडी पुन्हा कामाला मोकळी. "काका, मला असा डबा करून द्या," तो म्हणाला. "फेब्रुवारीत बायको आणि मुलीला घेऊन हिमाचलात जायचंय. सोलंगला बर्फ आहे, अटल बोगदा झाल्यापासून पलीकडे लाहौललाही जाता येतं."

मी तीस वर्षांहून जास्त काळ सांगलीत ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधतोय. काम आलं की पत्रा कापायला घ्यायचा, हा आमचा धंदा. पण त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "बाळ, आधी तीन हिशेब करू. वजनाचा, हवेचा आणि विस्तवाचा. ते जुळले तर तुझा डबा करतो." हेच तीन हिशेब आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहेत. गाडी मालासाठी बांधलेली असते. तिच्यात माणूस झोपला की तिचं सगळं गणित बदलतं, आणि ते चुकलं तर नुसतं नुकसान होत नाही, जीव जातो.

गाडीतला मुक्काम आपल्याला नवा नाही. माझं मूळ गाव आटपाडी तालुक्यात. खरसुंडीला सिद्धनाथाची पौषी यात्रा भरते, खिलार जनावरांचा मोठा बाजार असतो. ऐन थंडीचे दिवस. आमचे आबा खोंड घेऊन जायचे आणि बाजार उठेपर्यंत तिथेच राहायचे. पूर्वी बैलगाडीखाली, नंतर भाड्याच्या ट्रकच्या हौद्यात. खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यावर गोधडी, अंगावर घोंगडी आणि वर ताडपत्री. ताडपत्रीची मागची बाजू मात्र आबा कधी पूर्ण बांधायचे नाहीत. मी कुरकुरायचो, "आबा, वारं येतंय." ते म्हणायचे, "येऊ दे. वारं आलं तरच सकाळी उठशील." तेव्हा मला ते थंडी सोसायला लावणाऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. त्याचा अर्थ कळायला मला पुढे पंचवीस वर्षं लागली.

दुसरं उदाहरण आषाढी वारीचं. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. प्रत्येक दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात राहुट्या, भांडीकुंडी, शिधा, पाण्याची टाकी. हा ट्रक पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरतो. स्वयंपाक त्याच्या शेजारी उघड्यावर होतो, आणि वारकरी पायी येतात. सामान गाडीत, माणसं गाडीबाहेर आणि चूल गाडीपासून लांब. चाकावरच्या संसाराचा यापेक्षा चांगला आराखडा मी पाहिलेला नाही.

आता पहिला हिशेब, वजनाचा. प्रत्येक गाडीच्या आर. सी. बुकात दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. त्या तरुणाच्या गाडीत हा फरक ९७५ किलोचा होता. "एक टन म्हणजे भरपूर झालं की," तो म्हणाला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. त्याने काढलेला डबा अँगल आणि पत्र्याचा, वजन साधारण ५५० किलो. तीन माणसं मिळून १६०. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, कारण पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, यात सवलत नाही. घरगुती सिलिंडर ३०, जादा बॅटरी ३०, बर्फाच्या खेळाचं सामान ४०, भांडी, शिधा, अंथरूण ६०. बेरीज ९७०. घागर काठोकाठ भरली, आणि अजून घाट चढायचाच होता.

मग आम्ही काटछाट केली. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे सेक्शन, दोन पातळ प्लायच्या मध्ये फोम, असा डबा ३२० किलोत बसला. पाणी ६० लिटर. मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचा छोटा. बेरीज ७०० किलोच्या आत आली. माझा नियम असा की, कागदावरच्या मर्यादेचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. नुसत्या अंदाजावरही राहू नये. आपल्या भागात साखर कारखाना आणि मार्केट यार्डामुळे वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी पूर्ण भरून, घरची माणसं बसवून एकदा काट्यावर घालावी. चार पैसे जातात, पण खरं काय ते कळतं.

वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. उंच डबा म्हणजे उंचावर गेलेलं वजन. पसरणीच्या घाटात किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना आंबेनळीच्या वळणांवर अशी गाडी बाहेरच्या बाजूला कलते. म्हणून टपावरच्या भागात फक्त गादी ठेवावी. पाणी, बॅटरी, अवजारं तळाशी आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. जड वस्तू ॲक्सलच्या मागे गेल्या की तराजूसारखं होतं. मागचे पाटे दबतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग आणि ब्रेक दगा देतात. टाकी अर्धी भरलेली असेल तर आतलं पाणी वळणावर हिंदकळतं आणि गाडीला धक्का देतं. टाकीत आडव्या पट्ट्या घालाव्यात, किंवा एका मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन लहान कॅन ठेवावेत.

दुसरा हिशेब हवेचा, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगायला हवी.

१९९३ सालचा जानेवारी. स्ट्रॉबेरीचे खोके आणायला मी बंद बॉडीचा टेम्पो घेऊन महाबळेश्वरला निघालो होतो. सौ. आणि पाच वर्षांची मुलगी केबिनमध्ये बरोबर होत्या, तेवढीच त्यांना सहल. माल सकाळी मिळणार होता. लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून वेण्णा तलावाच्या बाजूला गाडी लावली. ज्यांनी ती थंडी अनुभवली आहे त्यांना ठाऊक असेल, तलावाजवळ आणि लिंगमळ्याच्या पठारावर कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठतात. गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. पोरगी कुडकुडायला लागली. मी लोणारी कोळशाची शेगडी पेटवली, धूर जाईपर्यंत बाहेर ठेवली, निखारे लाल झाल्यावर हौद्यात आणली आणि दारं लावून घेतली. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी समजूत. बॉडी मी स्वतः बांधलेली होती आणि तिच्यात एक फट नाही याचा मला अभिमान होता.

मध्यरात्रीनंतर कधीतरी मुलीला उलटी झाली. सौ. जागी झाली, तर तिचं डोकं फुटायला आलेलं, हातापायांत बळ नाही. तिने मला हाका मारल्या, मी उठेना. ती सरपटत दारापर्यंत गेली आणि लाथेने दार उघडलं. बाहेरच्या गार वाऱ्याने मी भानावर आलो. मला वाटत होतं, जेवणात काही बाधलं. सकाळी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीला उलटी झाली म्हणून तुम्ही तिघं माझ्यासमोर बसलेले आहात."

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट जास्त ओढीने चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं. झोपेत असलेल्या माणसाला तीही कळत नाहीत, गुंगीतून तो पुढे जातो. आबा ताडपत्री का उघडी ठेवायचे, ते मला त्या सकाळी कळलं. त्यांना वायूचं नाव माहीत नव्हतं, परिणाम माहीत होता.

म्हणून मुक्कामाच्या गाडीला दोन झरोके लागतातच. एक खाली, एक वर, आणि ते बंद करता येणार नाहीत असे. झोपताना आत शेगडी, स्टोव्ह, गॅस काहीही पेटतं ठेवायचं नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. बर्फात तर गाडीच्या सायलेन्सरभोवती बर्फ साचतो आणि धूर उलटा आत येतो. परदेशातल्या डब्यांत जे हीटर असतात, ते जळण्यासाठी हवा बाहेरून घेतात आणि धूर नळीने बाहेरच सोडतात. आतली हवा फक्त तापते. झोपायच्या जागेत हीटर लावायचाच असेल तर याच जातीचा. आणि बॅटरीवर चालणारा, हा वायू वाढला की ओरडणारा भोंगा मिळतो, तो उशाशी हवाच.

झरोक्याचा दुसराही उपयोग आहे. रात्रभर माणसांच्या श्वासातून ओल बाहेर पडते. बंद डब्यात ती थंड छताला लागते आणि पहाटे अंगावर टपकते. अंथरूण ओलं झालं की कितीही पांघरुणं घ्या, ऊब राहत नाही. छताला आणि भिंतींना आतून फोम लावला, ओले बूट-कपडे झोपायच्या जागेपासून वेगळे ठेवले आणि हवा खेळती राहिली की हे टळतं. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. म्हणून गादीखाली आधी जाड फोमची चटई हवी. माण-आटपाडीकडची लोकरीची घोंगडी असेल तर उत्तम. ती दमट झाली तरी ऊब धरते.

तिसरा हिशेब विस्तवाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट डब्याच्या बाहेरून उघडणारं, आतून पूर्ण बंद, आणि त्याच्या तळाला भोक असलेलं हवं. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आणि जमेल तितकं दिंडीवाल्यांचं ऐकावं, स्वयंपाक बाहेर करावा. फोम आणि प्लायच्या खोलीत फोडणी टाकण्याची हौस करू नये. अग्निशामक नळकांडं दाराजवळ हवं, आणि डब्याला बाहेर पडायचे दोन मार्ग हवेत. मागचं दार अडलं तर टपाजवळच्या खिडकीतून लहान मुलाला बाहेर काढता आलं पाहिजे.

बर्फाच्या प्रदेशात आणखी काही पथ्यं आहेत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. टाकी डब्याच्या आत ठेवावी, रात्री नळ्या रिकाम्या कराव्यात. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट हवं. आपल्याकडचं डिझेल कडक थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचमुळे. डोंगरात शिरल्यावर तिथल्या पंपावर टाकी भरावी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून जखडू शकतो. गाडी सपाटीला लावावी, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. चाकांच्या साखळ्या न्याव्यात आणि त्या बांधायचा सराव घरीच करावा.

आता कायद्याबद्दल दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. राहण्यासाठी म्हणून नोंदवायच्या मोटार कॅरॅव्हॅनना एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तेव्हा गाडी एमएच-११ असो, एमएच-५० असो की एमएच-१०, पत्रा कापण्याआधी आरटीओ कार्यालयात आराखडा दाखवावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

याहून मोठी गोष्ट विम्याची. डबा कितीही आरामशीर असला तरी चालत्या गाडीत त्यात कुणी बसायचं नाही. आपल्याकडे अजूनही जत्रेला, लग्नाला माणसं हौद्यातून नेतात. मालवाहू गाडीत असं फुकट बसवलेल्या माणसाला सक्तीच्या विम्याचं संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशाच एका प्रकरणात कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगितली, पण ती गाडीमालकाकडून वसूल करून घेण्याची मुभाही दिली. म्हणजे शेवटी घर-शेत विकायची पाळी मालकावर. माणसं सीटवर, पट्टा लावून. डबा फक्त थांबल्यावर.

मग कुणी काय निवडावं? वर्षातून चार रात्री काढायच्या असतील तर डबा करण्यापेक्षा लॉज स्वस्त पडतं, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर भाड्याने अशा गाड्या घेण्याची कल्पना लोकांना परकी राहिलेली नाही. आधी भाड्याने दोन रात्री राहून बघावं. आपल्याकडच्या थंडीसाठी, जत्रा-बाजारासाठी, हौद्यावर चांगली कमान, ताडपत्री आणि फोमची चटई पुरते. सुटा डबा त्याने करावा, ज्याला खरोखर बर्फात जायचंय आणि ज्याची गाडी एरवी कामाला लागते.

त्या तरुणाचा डबा झाला. पहिली रात्र मी त्याला माझ्याच अंगणात झोपायला लावलं. पहाटे छत टपकलं. आम्ही वरचा झरोका मोठा केला. दुसरी रात्र महाबळेश्वरला. तिथे नळीचा एक सांधा गळाला, तो बदलला. मग फेब्रुवारीत तो निघाला.

एका रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, बाहेर उणे आठ आहे. पोरगी दिवसभर बर्फात पडून पडून दमली, आता झोपलीय." मी त्याला हीटरचं विचारणार, इतक्यात सौ.ने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, झरोके उघडे आहेत का, ते आधी विचारा."

उघडे होते.